घोरणं, हलणारा दात आणि पूर्ण भूल

पत्र: माझं वय ५४. पित्ताशयात खडे झाल्यामुळे दोन आठवड्यांनी दुर्बिणीतून ऑपरेशन आहे आणि पूर्ण भूल देणार आहेत. मला धास्ती ऑपरेशनची नाही, भुलेची आहे. उठलेच नाही तर? अर्ध्यात जाग आली तर? त्यापेक्षा कमरेखालचीच भूल द्या असं सांगू का? पण सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून कंबर दुखते, म्हणून तेही नको वाटतं. मधुमेह आणि रक्तदाबासाठी मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि ॲस्पिरिन ७५ चालू आहे. हॉस्पिटलच्या कागदावर 'रात्री १२ नंतर काहीही घेऊ नये' असं छापलंय, फोनवर मात्र पाणी चालेल म्हणाले. मग गोळ्या कशा घ्यायच्या? बाकी तब्येत ठीक. खूप घोरते असं घरचे म्हणतात, वरचा पुढचा एक दात हलतो आणि मला बस लागते, पण हे काही डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही.

उत्तर: जे सांगण्यासारखं नाही म्हणता तिथूनच सुरुवात करू. भूल देणाऱ्या डॉक्टरला तुमच्या पत्रातून एकच ओळ वाचायला मिळाली, तर त्याने ही शेवटची ओळ मागावी. भुलेतला धोका न सांगितलेल्या गोष्टींमुळेही वाढतो.

आधी घोरणं. घोरणाऱ्या प्रत्येकाला आजार असतो असं नाही. पण काहींच्या घशाचे स्नायू झोपेत इतके सैल पडतात की श्वासाची वाट मधूनमधून दहा-वीस सेकंद बंदच होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो आहे हे ठाऊकच नसतं. अंगात उरलेलं भुलेचं औषध आणि मॉर्फिनच्या, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं घसा आणखी सैल करतात, शिवाय दचकून जागं होण्याची ती क्रियाही मंद करतात. म्हणजे जपायची वेळ ऑपरेशनच्या टेबलावरची नाही. तिथे श्वासनलिकेत नळी असते आणि शेजारी डॉक्टर असतो. जपायची ती ऑपरेशननंतरची पहिली रात्र.

यासाठी भूलतज्ज्ञ आठ मुद्दे तपासतात: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा किंवा पेंग, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का, रक्तदाबाचा आजार, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५च्या वर, वय ५०च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणं. तुमचे तीन मुद्दे पत्रातच भरले. तीन-चार म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. उरलेले घरी तपासा. शिवणकामाच्या टेपने मान मोजा आणि घरातल्या कुणाला तरी दोन रात्री कान देऊन ऐकायला सांगा. घोरणं एकदम बंद पडून मग धाप टाकल्यासारखा मोठा श्वास येतो का, एवढंच पाहायचं. उत्तर हो असेल तर ऑपरेशन रद्द होतंच असं नाही, आखणी बदलते: अफूच्या जातीची औषधं कमी, पॅरासिटामॉल आणि टाक्यांच्या जागी बधिर करणारं औषध जास्त, डोकं उंच ठेवून झोपवणं, रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. कुणाकडे आधीपासून सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) असेल, तर ते हॉस्पिटलात बरोबर न्यायचं.

दात. नळी घालताना जीभ उचलायला लॅरिंगोस्कोप नावाचं धातूचं किंवा प्लास्टिकचं पातं तोंडात जातं, आणि ते वरच्या पुढच्या दातांच्या अगदी जवळून जातं. ठाम दाताला इजा होण्याचं प्रमाण सुमारे साडेचार हजारांत एक. हलणाऱ्या दाताचा हिशेब वेगळा, आणि निखळलेला दात श्वासनलिकेत गेला तर तो काढायला दुसरी दुर्बीण लागते. हाताशी दोन आठवडे आहेत, आधी दंतवैद्याला दाखवून घ्या. कॅप, ब्रिज किंवा काढघालीची कवळी असेल तर तेही सांगा.

बस लागणं. भुलेनंतर मळमळ कुणाला होईल याचा अंदाज चार प्रश्नांवर बांधतात: स्त्री आहे का, धूम्रपान न करणारी आहे का, गाडी लागते किंवा आधीच्या भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची औषधं लागणार का. चारही 'हो' असतील तर प्रतिबंधक औषधाशिवाय मळमळ-उलटीची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. (धूम्रपान न करणाऱ्यांच्या विरोधात जाणाऱ्या वैद्यकातल्या मोजक्या गुणांपैकी हा एक.) तुम्ही धूम्रपान करत नाही असं धरलं, तर तुमचे तीन नक्की, चौथा बहुतेक. हे आधी कळलं की डॉक्टर ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन अशी दोन वेगळ्या पद्धतीची औषधं आधीच देतात, किंवा वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल चालू ठेवून भूल देतात. डेक्सामेथासोनने मधुमेहींची साखर एखादा दिवस वाढते. दुसऱ्या दिवशी आकडा चढलेला दिसला तर आधी हे कारण आठवा.

आता कमरेखालच्या भुलेचा प्रश्न. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. त्याने श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, टेबल डोक्याकडून उंच आणि एका कुशीकडे कललेलं असतं आणि पोटाचे स्नायू पूर्ण सैल लागतात. जाग्या माणसाला यात श्वास कोंडल्यासारखा वाटतो आणि खांदा ठणकतो. काही ठिकाणी हे ऑपरेशन पाठीतल्या भुलेवरही केलं गेलं आहे, पण रूढ आणि सोयीची पद्धत पूर्ण भुलेचीच. नळी असली की श्वास यंत्राच्या ताब्यात असतो आणि पोटातलं काही वर आलं तरी फुप्फुसाचं रक्षण होतं. तुमच्या बाबतीत पाठीतल्या भुलेचा हट्ट धरू नये असं आमचं मत आहे. गुडघ्याचं किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन असतं, तर सल्ला उलटा असता.

कंबरदुखीचं खापर मात्र त्या सुईवर फोडू नका. पाठीतली सुई केसासारखी बारीक असते आणि पाठीचा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कंबरदुखीचा संबंध अभ्यासांत सुईशी जुळलेला नाही. गरोदरपण, उचलाउचल आणि सुटलेले पोटाचे स्नायू ही कारणं जास्त पटणारी आहेत. त्या इंजेक्शनचा खरा, ओळखू येणारा त्रास वेगळा: एक ते तीन दिवसांत सुरू होणारी, उठून बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की उतरणारी डोकेदुखी. तेव्हा तसं झालं असेल तर भूलतज्ज्ञाला जरूर सांगा.

'उठलेच नाही तर?' भूल एकदा देऊन सोडून देत नाहीत. ती मिनिटामिनिटाला चालू ठेवावी लागते आणि ठेवणं थांबवलं की उतरते. तुम्हाला टेबलावर घेतल्यावर छातीला ईसीजीची चिकटपट्टी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा लागेल. हाताच्या शिरेत सुई. मग तोंडावर मास्क धरून साधारण तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे नळी घालताना फुप्फुसात साठा असतो. मास्कने गुदमरायला होतं असं वाटलं तर तसं सांगा, तो थोडा सैल धरता येतो. प्रोपोफॉल शिरेत जाताना हात चुरचुरतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात शुद्ध जाते. स्नायू सैल करणारं औषध आणि नळी हे सगळं त्यानंतर. पुढे दर श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि भुलेच्या वायूचं प्रमाण पडद्यावर दिसत राहतं, रक्तदाब निदान दर पाच मिनिटांनी मोजला जातो. भूलतज्ज्ञाने पूर्ण वेळ खोलीतच असायचं असतं. शेवटी वायू बंद करतात, स्नायूंच्या औषधाचा उतारा देतात आणि तुम्ही श्वास घेऊ लागलात, सांगितल्यावर डोळे उघडलेत की नळी काढतात. यातलं बहुतेकांना काही आठवत नाही.

आकड्यांत सांगायचं तर ब्रिटनचं रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स निरोगी माणसाच्या नियोजित ऑपरेशनात केवळ भुलेमुळे मृत्यूचं प्रमाण सुमारे एक लाखात एक देतं. तुमचा मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात असेल तर तुम्ही त्याच्या पुढच्या, सौम्य आजार असलेल्या गटात बसता. आटोक्यात नसेल तर नाही, आणि हे दोन आठवड्यांत पाहता येतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.५च्या वर असेल तर घाई नसलेलं ऑपरेशन बऱ्याचदा पुढे ढकलतात, कारण जखम चिघळते. रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तरही तसंच. त्याखाली थोडा वर असला म्हणून कुणी परत पाठवू नये. भीतीनेही तो चढतो, म्हणून घरच्या आठवडाभराच्या नोंदी न्या.

अर्ध्यात जाग येणं घडतं, पण विरळा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४च्या मोठ्या पाहणीत तशी तक्रार सुमारे १९,००० भुलांमागे एक इतकी निघाली. त्यातलेही बरेच प्रसंग ऑपरेशन सुरू होण्याआधीचे किंवा संपल्यानंतरचे, काही क्षणांचे. तातडीच्या आणि पूर्ण भुलेखालच्या सिझेरियनमध्ये प्रमाण बरंच जास्त आहे. याआधी कधी असं झालं असेल, किंवा झोपेच्या-वेदनेच्या गोळ्या, दारू यांची सवय असेल, तर भुलेचं प्रमाण बदलावं लागतं. लाजून लपवू नका. नंतर काही आठवलंच तर 'स्वप्न असेल' म्हणून गिळू नका. त्याच दिवशी सांगा.

खाण्यापिण्याचे दोन निरोप. रात्री १२चा नियम जुना आणि ढोबळ आहे. सध्याचा हिशेब भूल सुरू होण्याच्या वेळेपासून मागे मोजतात: तळलेलं, तेलकट, मांसाहारी जेवण ८ तास, हलकं खाणं आणि दूध ६ तास, बाळासाठी आईचं दूध ४ तास, पाणी आणि आरपार दिसणारी पेयं २ तास. दुधाचा चहा दुधात मोजायचा, पाण्यात नाही, कारण पोटातल्या आम्लाने दूध फाटून घट्ट होतं. सकाळच्या 'फक्त अर्धा कप' चहाने ऑपरेशन पुढे जातं ते यामुळेच. हे सगळं कशासाठी? शुद्ध गेली की अन्ननलिकेच्या तोंडाची पकड सुटते आणि ठसक्याची क्रियाही बंद पडते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं, आणि पोटातलं आम्ल फुप्फुस भाजून काढतं.

म्हणजे फोनवरचा माणूस बहुधा बरोबर आहे. तरी स्वतःच निर्णय घेऊ नका. ऑपरेशनच्या यादीतला क्रम बदलून तुमचा नंबर वर येऊ शकतो, आणि जुन्या मधुमेहात काहींचं पोट सावकाश रिकामं होतं. थोडं खाल्लं तरी तासन्‌तास पोट जड राहत असेल, आम्लपित्त घशाशी येत असेल, तर सांगा, वेळ वाढवतील. भूलतज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारा: 'शेवटचं खाणं किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता?' दोन घड्याळी वेळा कागदावर लिहून घ्या. चुकून काही खाल्लं-प्यायलं, च्युइंगगम चघळलं, तर कबूल करा. फार तर ऑपरेशन काही तास किंवा एक दिवस लांबेल.

आता गोळ्या. यात डॅपाग्लिफ्लोझिन सगळ्यात महत्त्वाची. ती सहसा ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद करतात. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. उपास आणि ऑपरेशनचा ताण असताना ती चालू राहिली तर शरीर चरबी जाळून कीटोन आम्ल साठवतं, आणि फसवी गोष्ट अशी की तेव्हा साखरेचा आकडा जवळपास नेहमीसारखाच दिसू शकतो. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही लक्षणं 'ऑपरेशननंतर होतंच' म्हणून सोडून दिली जातात. एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन यांनाही हेच लागू. अनेकदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, म्हणून पाकिटावरचं घटकांचं नाव वाचा. बंद केल्यावर त्या तीन दिवसांत साखर कशी सांभाळायची हे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि नंतर खाणंपिणं पूर्ववत झाल्यावरच ती पुन्हा सुरू करायची.

मेटफॉर्मिन सहसा ऑपरेशनच्या सकाळी घेत नाहीत. टेल्मिसार्टन बरेच भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवतात, कारण भुलेत रक्तदाब कोसळला तर या गटाच्या गोळीमुळे तो वर आणणं जड जातं. ॲम्लोडिपिन मात्र त्या सकाळीही दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची असते. ॲस्पिरिन कशासाठी चालू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. हृदयात स्टेंट असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ती स्वतःहून बंद करणं धोक्याचं. नुसती खबरदारी म्हणून चालू असेल तर कदाचित थांबवतील. हा निर्णय सर्जन, फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ यांचा. तुम्ही नुसतं विचारायचं, पण विचारायचंच.

इतर वाचकांसाठी घाईघाईने: थायरॉइड, फिट्स, दमा, मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर (नाडी आणि रक्तदाब उतरवणाऱ्या) आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सहसा चालूच राहतात, दम्याचा पंप खिशात घेऊन जा. वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधं काही दिवस आधी थांबवावी लागू शकतात, वेळ डॉक्टर ठरवतील. अनेक महिने स्टिरॉइड घेतलं असेल तर ते एकाएकी तोडू नका. वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं, जसं सेमाग्लुटाइड, पोट रिकामं होणं लांबवतात, म्हणून 'ते औषध थोडंच आहे' असं समजून ती सांगायची टाळू नका. वनौषधी, काढे, लसणाच्या कॅप्सूलही यादीत लिहा. आणि रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेत प्रचंड ताप चढला असेल, किंवा छोट्या ऑपरेशननंतर श्वास परत यायला तासन्‌तास लागले असतील, तर ते सांगणं कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा मोलाचं आहे. अशा कुटुंबांत काही ठरावीक औषधं टाळावी लागतात.

गोळ्यांची यादी तोंडी सांगू नका. पाकिटंच पिशवीत घालून भुलेच्या तपासणीला न्या. कशाची ॲलर्जी असेल तर औषधाचं नाव आणि काय झालं होतं, अंगावर पुरळ की श्वास कोंडला, दोन्ही सांगा. नुसती मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे.

मधल्या काळात खोकला, ताप, छातीत घरघर सुरू झाली तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट न पाहता फोन करा. श्वासनलिका काही आठवडे चिडकी राहते आणि नळीने ती आकसू शकते. त्या दिवशी नेलपॉलिश, कॉन्टॅक्ट लेन्स, दागिने घरी. नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली ॲलर्जी हे चार वेळा चार जण विचारतील. फाईल हरवली म्हणून नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीत ते विचारायचंच असतं. दर वेळी पूर्ण उत्तर द्या.

जाग आल्यावर घसा खवखवेल, थंडी वाजून अंग थरथरेल. उजवा खांदा दुखला तर घाबरू नका; पोटात उरलेल्या वायूने श्वासाचा पडदा चिडतो आणि त्याची वेदना खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते, उठून चालल्याने लवकर. दुखणं सहन करत पडून राहणं मात्र चुकीचं. पोट दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि कफ साठून छाती भरते. औषध मागून घ्या. पूर्ण भुलेनंतर २४ तास गाडी चालवणं, दारू आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या बंद. बरं वाटलं तरी निर्णयशक्ती मागे असते. सोबत मोठं माणूस हवं. दम लागणं, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना जोराचा श्वास, यांपैकी काही दिसलं तर लगेच परत जायचं आणि शेवटच्या बाबतीत 'कीटोन तपासा' असं म्हणायचं.

एक गोष्ट तरुण वाचक स्त्रियांना सहसा कुणी सांगत नाही. स्नायूंच्या औषधाचा उतारा म्हणून सुगामाडेक्स दिलं असेल, तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. पुढचे ७ दिवस दुसरं साधन वापरावं लागतं. कोणता उतारा दिला हे विचारून घ्या.

डिस्चार्जच्या कागदांबरोबर भुलेच्या नोंदीची प्रत मागा. नळी सहज गेली की कष्टाने, कुठल्या मापाची, कोणती औषधं दिली, काय सोसलं नाही, हे सगळं त्यात असतं, आणि पुढच्या भूलतज्ज्ञाला तुमच्याबद्दल इतकं कामाचं दुसरं काही मिळणार नाही. सिझेरियनच्या वेळचा तसा कागद घरी कुठे सापडला, तर याच भेटीला घेऊन जा.